वतामूच्या किनाऱ्यावर : कासव, जाळे आणि जमाखर्च

केनियातील मोंबासा शहरात संगमरवरी जिनालयाचे शुभ्र शिखर दिसले की परक्या भूमीत आल्याची जाणीव क्षणभर मागे पडते. श्री पार्श्वनाथ भगवंतांचे हे मंदिर १९६३ साली उभे राहिले. भारताबाहेरच्या पहिल्या काही शिखरबद्ध जिनालयांत त्याची गणना होते. ते उभारणाऱ्या समाजाची कथा त्याहूनही जुनी आहे. जामनगरच्या आसपासच्या हालार प्रांतातील वीसा ओसवाळ कुटुंबांतील पहिले तरुण १८९९ च्या सुमारास, छप्पनियाच्या दुष्काळाच्या दिवसांत, आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर उतरले. मोंबासाहून आतल्या प्रदेशात जाणारी रेल्वे तेव्हा बांधली जात होती. रुळांच्या कडेने भारतीयांची छोटी छोटी दुकाने उभी राहिली आणि ‘दुकान’ हा शब्द ‘दुका’ होऊन स्वाहिली भाषेत कायमचा राहिला.

या किनाऱ्याशी भारताचा व्यवहार मात्र शतकानुशतके चालत आलेला होता आणि तो वाऱ्याच्या वेळापत्रकावर चाले. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून वाहणारा ‘कास्काझी’ वारा भारताची गलबते आफ्रिकेकडे आणी. एप्रिलनंतर दक्षिणेकडून उठणारा ‘कुसी’ त्यांना घरी परत नेई. १४९८ च्या एप्रिलमध्ये वास्को द गामा मोंबासाच्या उत्तरेस मालिंदी बंदरात पोहोचला, तेव्हा भारतीय व्यापाऱ्यांची जहाजे तेथे आधीच नांगर टाकून उभी होती. कालिकतचा मार्ग दाखवणारा वाटाड्याही त्याला मालिंदीतच मिळाला.

मोंबासा ते मालिंदी या रस्त्यावर शंभराहून थोडे अधिक किलोमीटर उत्तरेस गेले की गेदे नावाचा फाटा लागतो. वाटेत विपिंगो येथे घायपाताचे विस्तीर्ण मळे आहेत, किलिफीच्या खाडीवर उंच पूल आहे आणि दोन्ही बाजूंस गोरखचिंचेची प्रचंड बुंध्यांची झाडे आहेत. फाट्यावरून समुद्राकडे जाण्यासाठी ‘बोडाबोडा’ म्हणजे भाड्याची मोटारसायकल मिळते. त्या मोटारसायकलींत पुण्याच्या बजाज कंपनीची बॉक्सर पदोपदी दिसते. काही मिनिटांत नारळीची बने, प्रवाळाच्या खडकाची छोटी बेटे आणि पांढऱ्या वाळूचे उपसागर दिसू लागतात. हेच वतामू. ‘वातू’ म्हणजे माणसे आणि ‘तामू’ म्हणजे गोड. त्यावरून गावाला हे नाव पडले, असे गावकरी सांगतात.

गावाच्या पाठीशी अराबुको-सोकोके हे सुमारे चारशे वीस चौरस किलोमीटरचे किनारी अरण्य आहे आणि फाट्याजवळ गेदे या प्राचीन स्वाहिली नगराचे अवशेष आहेत. प्रवाळी दगडाची घरे, मशिदी आणि विहिरी असलेले हे संपन्न नगर सतराव्या शतकात ओस पडले. उत्खननात तेथे चीनची भांडी, व्हेनिसचे मणी आणि भारतातून आलेला एक लोखंडी दिवाही सापडला. २०२४ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गावासमोरचा समुद्र १९६८ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे आणि उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे. ज्या गावाचे पोट समुद्रावर चालते त्या गावापुढचाच समुद्र संरक्षित, ही या ठिकाणची मूळ गाठ आहे. येथे सेवेसाठी येणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी जाणवतेच.

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्या अडत चालवणाऱ्या एका जैन घरातील मुलगी काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी वतामूला गेली. कॉलेजात असताना ती रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहून आली होती. वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या मदतीने कासवांची घरटी राखली जातात. तेव्हापासून या कामाने तिच्या मनात घर केले होते. घरी विरोध झाला तो अंतराला नव्हे, तर आहाराला. आजींनी विचारले, “कोळ्यांच्या गावात तू खाणार काय? आणि पाहणार काय?” पहिल्या प्रश्नाची तयारी मुलीने केली होती. दुसऱ्या प्रश्नाचे वजन तिला तेथे गेल्यावर कळले.

निघण्यापूर्वीची व्यवस्था साधीच होती. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. म्हणून प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती लस घेतली. हिवतापाच्या गोळ्या, मच्छरदाणी, मुगाचे खाकरे, डाळ शिजवण्यापुरता छोटा कुकर आणि पाणी गाळण्याची दोन गाळणी बरोबर घेतली.

जानेवारीत ती पोहोचली तेव्हा कास्काझीचा उष्ण, कोरडा वारा वाहत होता. राहण्याची सोय एका गिरियामा कुटुंबाच्या घरी होती. गिरियामा हा या किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ समाजांपैकी एक. त्यांच्या पूर्वजांच्या वस्त्या ज्या वनांत होत्या, त्या ‘काया’ नावाच्या पवित्र वनांत झाड तोडणे आजही निषिद्ध मानतात, आपल्याकडच्या देवराईसारखेच. घर प्रवाळी दगडाचे होते. नारळीच्या झावळ्या विणून केलेल्या ‘माकुती’ने ते शाकारलेले होते.

पहिला आठवडा नात्यांच्या शब्दांनी गोंधळात टाकला. घरच्या बाईला सगळे ‘मामा’ म्हणत, कारण स्वाहिलीत मामा म्हणजे आई. शेजारची मुले या नव्या पाहुणीला ‘दादा’ म्हणू लागली, कारण तेथे दादा म्हणजे ताई. मोठा भाऊ ‘काका’ आणि आजी ‘बीबी’. ‘बाबा’ तेवढे वडीलच राहिले. दारात आलेला माणूस आत पाऊल टाकण्यापूर्वी “होडी?” असे विचारतो आणि आतून “करीबू”, म्हणजे या, असे उत्तर आल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. वडीलधाऱ्यांना भेटताच “शिकामू” म्हणायचे. त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. त्यावर वडीलधारे “माराहाबा” म्हणून तो नमस्कार स्वीकारतात. सांगलीत रोज सकाळी आजींच्या पाया पडणाऱ्या मुलीला हा शब्द शिकवावा लागला नाही. तो तिच्या अंगात होताच. गावाने तिला जवळ केले ते याच एका शब्दामुळे. तिचे शिक्षण, तिची संस्था, तिचा देश यांपैकी कशाचीही विचारपूस त्याआधी झाली नव्हती.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. प्रवाळी खडकातल्या विहिरींचे पाणी मचूळ लागते. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या पिवळ्या डब्यांतून आणावे लागते. मुलगी रोज सकाळी ते गाळून उकळून घेई आणि विहिरीचे पाणी गाळले असेल तर गाळणे त्याच पाण्याने धुऊन ते पाणी पुन्हा विहिरीत सोडी. मामांनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “कचरा काढतेस ते समजले. पण धुतलेले पाणी परत कशाला नेऊन टाकतेस?” मुलीने तोडक्यामोडक्या स्वाहिलीत सांगितले की त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि त्यांचे घर विहिरीत आहे. मामा हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, “म्हणजे तू त्यांना घरी पोहोचवतेस.”

खाण्याची अडचण आजींना वाटली होती त्याहून कमी निघाली. नारळाच्या दुधात शिजवलेली तूर हा या किनाऱ्यावरचा रोजचा नाश्ता आहे. तिला ‘म्बाझी’ म्हणतात. मूग मिळतात, चवळी मिळते, माठासारखी ‘म्चिचा’ ही पालेभाजी मिळते, नारळाच्या दुधातला भात मिळतो आणि चपातीला तर ‘चपाती’च म्हणतात. बसून नारळ खवण्याच्या लाकडी खवणीचे नाव मात्र ‘म्बुझी’, म्हणजे शेळी. कंदमुळे टाळणे अवघड होते, कारण तळलेला कसावा किनाऱ्यावर जागोजागी मिळतो आणि पाहुण्याला तोच पहिला पुढे केला जातो. म्हणून तिने एक वाक्य पाठ केले: “बिला सामाकी, बिला कितुंगू”, म्हणजे मासे नको, कांदा नको. ‘बिला’ म्हणजे ‘विना’. बटाटा आणि कसावा यांची नावे तिने पुढच्या आठवड्यात त्यात जोडली. मामांनी चुलीवर एक पातेले तिच्यासाठी वेगळे ठेवले आणि त्याच्या कडीला लाल दोरा बांधला.

आणखी एका गोष्टीचे नवल तिने घरी फोनवर सांगितले. स्वाहिली माणूस दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतो. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो त्याला ते ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास म्हणतात. आणि संध्याकाळच्या सहाला बारा वाजतात. वतामू विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य उगवण्या-मावळण्याच्या वेळेत जेमतेम अर्ध्या तासाचा फरक पडतो. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी पाळणाऱ्या घरातल्या मुलीला हे घड्याळ परके वाटले नाही. चौविहारासाठी पंचांग पाहावे लागले नाही. मुले शाळेतून येऊन खेळत असतानाच तिचे जेवण आटोपलेले असे आणि गावाला ते ठाऊक झाले होते.

बाजारात तर भाषेने आपणहून हात पुढे केला. ‘पेसा’, ‘हेसाबू’, ‘फाइदा’, ‘दलाली’, ‘बीमा’, ‘हुंडी’ आणि लाखाला ‘लाकी’. यांतले काही शब्द भारतातून तेथे गेले, काही अरबीतून दोन्ही किनाऱ्यांवर उतरले. हळदीला ‘मंजानो’ म्हणतात आणि पिवळ्या रंगाचेही नाव तेच. आपले वडील मंजानो विकतात एवढे सांगितले की मसाल्याच्या दुकानदाराला तिची पुरती ओळख पटे.

ज्या कामासाठी ती आली होती त्याची नावानिशी ओळखही अशीच झाली. समुद्री कासवाला स्वाहिलीत ‘कासा’ म्हणतात. ‘कासव’ आणि ‘कासा’ हे साम्य योगायोगाचे असेल. पण विसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कूर्म आहे, हे लहानपणापासून पाठ असलेल्या मुलीला तो शब्द ऐकताना बरे वाटले.

केनियाच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांत हिरवे कासव सर्वांत जास्त दिसते. वतामूमध्ये कासवांच्या रक्षणाचे काम १९९७ साली सुरू झाले आणि आज ते ‘लोकल ओशन कन्झर्व्हेशन’ या नावाने चालते. त्याचे सूत्र व्यापारी घरांना चटकन समजेल असे आहे. मासे पकडताना जाळ्यात कासव अडकले तर कोळ्याने ते न मारता किंवा न विकता संस्थेला फोन करायचा. संस्थेचे लोक गाडी घेऊन येतात, कासवाची लांबी-रुंदी मोजतात, जखमा तपासतात, पायावर ओळखक्रमांक असेल तर तो वाचतात. कासव धडधाकट असेल तर त्याला सुरक्षित पाण्यात सोडतात आणि आजारी असेल तर उपचारासाठी नेतात. कोळ्याला त्याच्या वेळेपोटी आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी लहानशी रक्कम मिळते. आजवर वीस हजारांहून अधिक वेळा अशी सुटका झाली आहे.

येथे एक मेख आहे. जीव सोडवण्यासाठी पैसे देण्याची परंपरा जैन समाजाला नवी नाही. पांजरपोळांचा इतिहासच त्यावर उभा आहे. पण सोडवणारा बाजारभाव देऊ लागला की पकडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते आणि उद्या सोडवून घेण्यासाठीच जीव पकडले जाऊ लागतात. वतामूत म्हणूनच ही रक्कम कासवाची किंमत ठरणार नाही, इतकी कमी ठेवलेली असते. केनियाच्या कायद्यानुसार कासव मारणे हा गुन्हाच आहे. पण कायदा पहाटे चार वाजता समुद्रावर हजर नसतो. तेथे फक्त कोळी असतो आणि त्याच्या हातातला चाकू. त्या क्षणी तो काय करील हे त्याच्या मनावर आणि त्याच्या जाळ्याच्या हिशेबावर ठरते.

मुलीला सुरुवातीला किनाऱ्यावरचे प्लास्टिक वेचण्याचे आणि नोंदवहीचे काम मिळाले. केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरीही भरतीबरोबर बाटल्या, टोपणे आणि दोरांचे तुकडे येतच राहतात आणि काहींवरची अक्षरे दूरदूरच्या देशांची असतात. प्लास्टिक गिळलेल्या कासवाच्या पोटात वायू साचतो. मग त्याला बुडी मारता येत नाही आणि ते पाण्यावर तरंगत उपाशी राहते. नोंदवहीत तारीख, ठिकाण, कासवाची जात, माप, जाळ्याचा प्रकार आणि कोळ्याचे नाव असे रकाने होते. रोजकीर्द पाहत वाढलेल्या मुलीचे बोट सवयीने शेवटच्या रकान्यावर फिरले. तीच ती नावे पुन्हा पुन्हा येत होती, वर्षानुवर्षे. हे कासवांचे खाते होते, तसेच ते माणसांच्या शब्दाचेही खाते होते.

त्या नावांपैकी एका वृद्ध कोळ्याशी तिची ओळख झाली. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘म्झी’ म्हणतात. ती त्यांना तसेच म्हणे आणि ते तिला ‘बिंती’, म्हणजे लेक म्हणत. एका सकाळी एक मोठे हिरवे कासव सोडवताना जाळ्याची बरीच घरे कापावी लागली. कासव गेले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी छायाचित्रे काढली. सगळे पांगल्यावर म्झी फाटके जाळे मांडीवर घेऊन बसले. मुलगी शेजारी जाऊन बसली.

“बिंती, तुझे वडील काय विकतात म्हणालीस?”

“मंजानो, म्झी. हळद.”

“पोते फाटून हळद मातीत गेली तर ते काय करतात?”

“नुकसान खात्यावर लिहितात.”

“कोणाच्या खात्यावर?”

मुलगी गप्प बसली. म्झी म्हणाले, “हे जाळे शिवायला मला दीड दिवस लागेल. दीड दिवस मी समुद्रावर जाणार नाही. मिळालेल्या पैशांत दोरा येतो, पीठ येत नाही. तरी मी फोन करतो. माझे वडील कासव मारायचे, मीही मारली आहेत. आता नाही मारत. पण इथे येणारा प्रत्येक जण कासवाचे छायाचित्र काढतो. जाळ्याचे आजवर कोणी काढले नाही.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांनी सुई उचलली आणि दोऱ्याचे दुसरे टोक धरण्यासाठी तिच्यापुढे केले. मुलीचा हात पुढे झाला आणि थांबला. हे जाळे शिवले की उद्या त्यात मासे येणार. जाळे हे हिंसेचे साधन. त्याला हात लावायचा का? आणि हात लावला नाही तरी भरपाईच्या पैशातला दोरा याच जाळ्यात जाणार होता. एका जिवाच्या सुटकेचे मोल दुसऱ्या हजार जिवांच्या जाळ्यात विणले जात होते. म्झींनी तिचा थांबलेला हात पाहिला, काही न बोलता दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवले आणि काम सुरू केले.

त्याच आठवड्यात दुसरी कसोटी आली. आजारी कासवांना खाऊ घालण्याची पाळी तिच्यावर आली आणि बादलीत म्हाकूळ आणि मासळीचे तुकडे होते. पूर्ण वाढलेले हिरवे कासव समुद्री गवत आणि शेवाळ खाते. पण इतर जातींचे तसे नाही आणि दुबळ्या झालेल्या रुग्णाला जे पचेल तेच द्यावे लागते. तिने पाळी बदलून मागितली. सोबतच्या स्थानिक मुलीने आनंदाने बादली घेतली आणि आपले टाक्या घासण्याचे काम हिला दिले. प्रश्न सुटला असे त्या दिवशी वाटले.

रात्री फोनवर तिने आजींना सारे सांगितले. जाळ्याचेही आणि बादलीचेही. आजींनी रागावून ‘परत ये’ म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “बाळ, करणे, करविणे आणि अनुमोदणे, हे तिन्ही लहानपणी तुला पाठ करून घेतले होते. बादली दुसरीच्या हातात दिलीस म्हणजे पहिले टळले. दुसरे टळले का, ते तू बघ. मी इथे बसून सांगणार नाही. पण जे टळले नाही ते टळले असे लिहू नकोस. खोटी नोंद आपल्या घरात चालत नाही.”

या उत्तराने तिची सुटका झाली नाही, पण काम कसे करायचे ते ठरले. टाक्या घासण्याचे, पाणी बदलण्याचे आणि जखमा धुण्याचे काम तिने कायमचे मागून घेतले. गवत-शेवाळ खाणाऱ्या कासवांना ती स्वतः भरवू लागली. बादलीची पाळी घेणाऱ्या मैत्रिणीला तिने मोकळेपणाने सांगितले, “हे काम मी तुझ्यावर टाकते आहे, हे मला ठाऊक आहे.” मैत्रिणीला त्यात काही विशेष वाटले नाही; पण त्यानंतर ती हिच्यासमोर बादली झाकून नेऊ लागली. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात जे निसटत होते ते मुलीने निसटू दिले नाही.

जाळ्याच्या बाबतीत तिने सुई धरली नाही. पण नोंदवहीत आजवर ढोबळपणे लिहिले जाणारे नुकसान ती नीट लिहू लागली: किती घरे कापली, कोळ्याचे किती दिवस बुडाले. त्यासाठी ती प्रत्येक सुटकेनंतर थांबू लागली. इतर लोक कासवामागे पाण्याकडे जात, ती जाळ्यापाशी बसे. म्झी तिला आकडे सांगत आणि ती लिहिलेले त्यांना वाचून दाखवी. पंधरा दिवसांनी दुसरे दोन कोळी आपणहून येऊन सांगू लागले. भरपाईची रक्कम त्यामुळे वाढली नाही. पण दयेच्या व्यवहारात कोळ्याची बाजूही लिहिली जाते, हे त्यांना दिसले. फेब्रुवारीत एका कोळ्याने भर दुपारी दोन तास उन्हात थांबून, कासवाच्या पाठीवर ओले गोणपाट टाकत, गाडीची वाट पाहिली.

अहिंसेचे फर्मान काढता येते, त्याची उदाहरणे जैन इतिहासात आहेत. आचार्य हीरविजयसूरी १५८३ साली फत्तेपूर सिक्रीला गेले आणि त्यांच्या उपदेशावरून अकबराने पर्युषणाच्या दिवसांत पशुहत्येला बंदी केली. वतामूच्या समुद्रातही १९६८ ची बंदी आहे आणि तिच्यामुळे प्रवाळ वाचले हे खरे. पण ज्यांचे हात चाकूपाशी आहेत त्यांच्या संमतीने रोज पहाटे नव्याने पाळली जाणारी अहिंसा वेगळी. ती महाग पडते आणि ती किंमत बहुधा गरीब माणूसच भरत असतो. सेवेला जाणाऱ्याने निदान ती कोण भरतो आहे एवढे पाहावे.

फेब्रुवारीत किनाऱ्यावर एका हिरव्या कासवाने घरटे केले होते. अशा घरट्यात शंभराहून अधिक अंडी असतात आणि वाळूच्या उष्णतेवर सुमारे दोन महिन्यांनी ती फुटतात. पिल्लू नर की मादी हेही वाळूच्या तापमानावरच ठरते. हजारात एखादे पिल्लू मोठे होते, असे जाणकार मानतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रात्री, वाळू हलली. दिवे विझवून सगळे दूर बसले होते. तळहातावर मावतील एवढी काळी पिल्ले एकमेकांवर चढत बाहेर आली आणि लाटांच्या फिक्या उजेडाकडे चालू लागली. म्झी आपल्या नातवाला घेऊन आले होते. नातू मोजत होता: मोजा, म्बिली, तातू. सत्तरच्या पुढे तो चुकला. म्झींनी त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले नाही, ते फक्त म्हणाले, “बाकीची समुद्र मोजेल.”

त्यानंतर चार दिवसांत वारा फिरला. कुसी सुरू झाला, पावसाची पहिली सर आली आणि लहान होड्या वाळूवर वर ओढून ठेवल्या गेल्या. मुलीचे निघण्याचे दिवस आले. सांगलीला जाऊन ती अडत्याच्या पेढीवर बसणार होती आणि वेळासच्या लोकांशीही बोलणार होती. मामांना काय द्यावे, हे तिला सुचत नव्हते. कुकर देऊ केला. मामांनी घेतला नाही. त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या गाळण्याकडे बोट दाखवले.

एक गाळणे तेथे राहिले. पुढे मैत्रिणीने एक छायाचित्र पाठवले. त्यात पिवळ्या डब्याच्या तोंडावर ते गाळणे बांधलेले आहे आणि मामांची धाकटी मुलगी दुसऱ्या हातात वाटी घेऊन विहिरीकडे निघाली आहे.